हात्सुएताई पडल्याच नाहीत

आमच्या वाडीत अकरा घरं. कुणाच्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारात किती मीठ असतं हे त्या घरच्या बाईला एक वेळ माहीत नसेल, पण हात्सुएताईंना माहीत असायचं. मोमोसे हात्सुए हे पूर्ण नाव. वय एक्याऐंशी, उंची बेताची, आवाज मात्र पलीकडच्या डोंगरावरच्या लोकांनी दचकून उठावं असा. मी कारासावा तेरुओ, त्यांचा शेजारी. त्यांच्याहून सात वर्षांनी लहान, म्हणजे त्यांच्या हिशेबी अजून शेंबडाच.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या या नागानोच्या डोंगरात माणसं पन्नाशी गाठायची आणि एखाद्या सकाळी बर्फ उपसता उपसता आडवी व्हायची. सरकारने शोध लावला की लोक मीठ फार खातात. चार-पाच महिने बर्फाखाली असणाऱ्या गावाने खारातलं लोणचं खायचं नाही तर काय बर्फ खायचा, हे सरकारने सांगितलं नाही. गावोगावच्या बायकांतून आरोग्याच्या स्वयंसेविका नेमल्या, आमच्या वाडीतून हात्सुएताईंना. त्यांच्या हातात पेनाएवढं एक यंत्र आलं. ते सारात बुडवलं की मिठाचा आकडा दिसायचा.

ताई ऐन जेवणाच्या वेळी यायच्या. दारात ‘आले हं’ म्हणायच्या आणि कुणी ‘या’ म्हणेपर्यंत शेगडीशी पोचलेल्या असायच्या. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. यंत्र भांड्यात बुडवून त्यांनी माझ्या बायकोला, यासुयोला, सगळ्यांदेखत विचारलं, “नवरा नकोसा झाला असेल तर सरळ सोडचिठ्ठी दे ना. असा रोज थोडा थोडा कशाला मारतेस?” माझी आई लाल झाली, यासुयो पांढरीफटक पडली आणि मी खाली मान घालून सार पीत राहिलो, कारण ते फार चांगलं झालं होतं.

त्या दिवसानंतर तसं सार आमच्या घरात पुन्हा झालं नाही. वडील पुढे तीस वर्षं जगले आणि तीस वर्षं रोज कुरकुरत जेवले. इतर घरांतही तेच. ताईंनी आमची तोंडं बेचव केली आणि आयुष्यं वाढवली, आणि या दोन्ही गोष्टींसाठी आम्ही त्यांना मनातून कधी माफ केलं नाही. वरवर अर्थात आम्ही कमरेत वाकून त्यांचे आभार मानत होतो.

आता ताईंच्या स्वतःच्या घराचं सांगतो. नोव्हेंबरात आमच्याकडे नोझावानाचा हातभर लांब पाला धुऊन पिंपात मिठात दाबतात आणि वर दगड ठेवतात. तेच आमचं हिवाळ्याचं लोणचं. ताईंच्या पडवीत अशी दोन पिंपं असायची. पुढचं कमी मिठाचं, गावच्या सभागृहात बायकांना चाखायला द्यायचं. मागचं जुन्या पद्धतीचं, ताईंचं स्वतःचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ताई पाषाण होत्या, पण कोरड्या म्हणता येणार नाही. चांगल्या खारात मुरलेल्या होत्या. मागच्या पिंपावरचा दगड दर वर्षी मीच ठेवून देत असे, म्हणून मला माहीत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ताई न्हाणीघरात पडल्या. आंघोळीला बसायच्या गरम पाण्याच्या टाकीतून उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी स्वतःच मुलाला फोन केला, आणि ती आयुष्यातली मोठी चूक झाली असं पुढे त्या म्हणायच्या. मुलगा इकुओ नागोयाला स्क्रू बनवणाऱ्या कारखान्यात मोठा साहेब आहे. तो आला, त्याने आईला शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या पंपाची ताकद कमी झालीय, त्यामुळे अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, धाप लागते. मीठ दिवसाला सहा ग्रॅमच्या आत. चहा-पाणी-सार सगळं धरून पोटात जाणारं पाणीही मोजूनच. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. आठवड्यात दोन किलो वाढलं तर थांबू नका, या. लघवी वाढवणारी गोळी रोज. आणि उठताना एकदम उठू नका, आधी बसा, मग धरून उभ्या राहा.

इकुओची सूचना एकच होती. “आई, पुन्हा एकदा पडलीस की नागोयाला चलायचं. नवव्या मजल्यावर तुझी खोली तयार आहे.”

तेव्हा ताईंनी निश्चय केला की आता पडायचं नाही. हृदयाचं काय करायचं याबद्दल मात्र त्यांनी काही ठरवल्याचं दिसलं नाही. वाडीत त्यांनी सांगितलं की नातवाच्या शाळेत कार्यक्रम होता म्हणून नागोयाला गेले होते. नातू तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. कुणीही काही विचारलं नाही. आमच्याकडे माणूस आपण होऊन सांगत नसेल तर विचारणं म्हणजे चपला घालून दुसऱ्याच्या घरात शिरणं.

मला कळलं ते इकुओमुळे. मे महिन्यात त्याचा फोन आला. “कारासावाकाका, फक्त तुम्हालाच सांगतोय. आईचं हृदय कमजोर झालंय. जरा लक्ष ठेवा. पण मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका, ती फार मानी आहे.” मी शब्द दिला. यासुयोला सांगितलं, पण बायकोला सांगणं म्हणजे काही दुसऱ्याला सांगणं नव्हे. तिनेही शब्द दिला.

तेव्हापासून आम्ही ताईंच्या नाटकाचा प्रयोग रोज फुकटात बघू लागलो. आमच्या घरापासून देवळाकडे जाणारा रस्ता चढाचा. हात्सुएताई तो पूर्वी मला मागे टाकून चढायच्या. आता त्या दर दहा पावलांवर थांबत आणि रस्त्याकडेची फुलं बघत. आयुष्यात ताईंनी फुलांकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. फूल म्हणजे शेंग धरायच्या आधीची उगाच केलेली दिरंगाई असं त्यांचं मत. आता त्या गवताच्या तुऱ्यापुढेही पाच-पाच मिनिटं उभ्या राहत, तोंड उघडं ठेवून, खांदे वर-खाली होत. मी मागून आलो की म्हणत, “काय रंग आहे बघ, तेरुओ.” मी म्हणे, “हो ताई, काय रंग आहे.” गवत हिरवं असायचं.

आमच्या घरी येऊन बसल्या की उठण्याचा प्रसंग यायचाच. उठल्या की भिंतीजवळचा खांब धरायच्या, डोळे मिटायच्या आणि तशाच उभ्या राहून म्हणायच्या, “तुमच्या घरचं लाकूड काय सुरेख आहे.” आमचा खांब सिमेंटचा आहे. वर लाकडाच्या रेघांचा कागद चिकटवलाय. यासुयो म्हणायची, “आपली कृपा.” मग अंधारी ओसरली की ताई डोळे उघडून दारात येत आणि पायांत मेलेल्या नवऱ्याचे रबरी बूट चढवत. स्वतःचे त्यांना होईनासे झाले होते. भर ऑगस्टात गमबूट घालणाऱ्या बाईला वाडीतल्या एकाही माणसाने का म्हणून विचारलं नाही, एवढे आम्ही सुसंस्कृत आहोत.

जूनमध्ये एकदा भाताच्या खाचरांमधल्या वाटेवर त्या माझ्या डोळ्यांदेखत खाली गेल्या. मी धावत पोचलो तर मातीत मांडी घालून बसलेल्या, कपाळावर घाम.

“पडले नाही,” त्या म्हणाल्या. “बसलेय.”

“बरं.”

“इकुओला फोन करणार आहेस?”

“कशाला? तुम्ही बसलात.”

“शहाणा आहेस,” त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी त्यावर भाळलो, हे कबूल करतो. इकुओ दर रविवारी फोन करायचा, “काका, आई कशी आहे?” आणि मी दर रविवारी म्हणायचो, “ठणठणीत.” झाकली मूठ सव्वा लाखाची. या मुठीत माझ्या शेजारणीचा जीव होता, हे मला कळत नव्हतं असं नाही.

त्यात वर्ष वाईट आलं होतं. आमच्या वाडीचं प्रमुखपण अकरा घरांत आळीपाळीने फिरतं, आणि त्या वर्षी पाळी मोमोसेंच्या घराची. प्रमुखाने दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला गावचं पत्रक घरोघर पोचवायचं. नुसतं दारात टाकलं तर माणूस माणूसघाणा ठरतो. आत बोलावतात, बसवतात, चहा ओततात, पुढे लोणच्याची बशी सरकवतात. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायचं तर इकुओची खोली नवव्या मजल्यावर तयारच होती. दहा घरं, दहा चहा, दहा बशा. डॉक्टरांनी दिलेला दिवसभराच्या पाण्याचा वाटा तिसऱ्या घरातच संपायचा.

यासुयोने यावर उपाय काढला. तिने ताईंसाठी आतून गडद काळा असलेला कप शोधला, म्हणजे चहा अर्धाच आहे हे वरून कळत नाही. लोणचंही वेगळं केलं, मुळ्याच्या चकत्या नुसत्या व्हिनेगरमध्ये, मीठ शून्य. मी एक चकती खाऊन पाहिली आणि मला वडिलांची फार आठवण झाली. ताईंनी पहिल्यांदा ती तोंडात घातली तेव्हा क्षणभर थांबल्या, यासुयोकडे बघितलं, मग चावून गिळली. यासुयो मला नंतर म्हणाली, “अहो, कळलं नाही बरं का त्यांना.” आपण एकटेच जगावेगळे हुशार आहोत या आनंदात आम्ही उन्हाळा काढला.

शरदात ताई गप्प होत गेल्या. पत्रक घेऊन यायच्या, बसायच्या, अर्धा कप संपवायच्या, दोन चकत्या खायच्या आणि निघायच्या. कुणाच्या सुनेला नावं ठेवणं नाही, कुणाच्या सारावर टीका नाही. खांबाची स्तुतीसुद्धा बंद झाली. खांब नुसताच धरायच्या. नोव्हेंबरात मागच्या पिंपात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त पाला भरला. मी दगड ठेवून दिला. ठेवताना मला काय वाटलं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, दगड जड होता.

पंधरा डिसेंबरला रात्रभर बर्फ पडून सकाळी उघडलं होतं. दहा वाजून गेले तरी ताई पत्रक घेऊन आल्या नाहीत. आठ महिन्यांत त्यांचं एकही पत्रक चुकलं नव्हतं, म्हणून मी गेलो. घरात हाक मारली, उत्तर नाही. पडवीत मागच्या पिंपाला पाठ टेकून ताई जमिनीवर होत्या. ओठ जांभळे, चेहरा राखेसारखा, आणि श्वास असा की मधल्या मधल्या शब्दांना जागाच मिळत नव्हती. शेजारी पत्रकांचा गठ्ठा भिजत पडला होता.

“बसलेय,” त्या म्हणाल्या.

“दिसतंय. कधीपासून बसलाय?”

“उजाडल्यापासून.”

मी आतून रजया आणून त्यांना मागून टेकू दिला. आडवं करायला गेलो तर त्यांनी माझा हात झटकला; आडवं झालं की बुडल्यासारखं होतं म्हणाल्या. गेला महिनाभर त्या अशाच बसून झोपत होत्या. टेबलावर वजनाची वही होती. दहा दिवसांत चार किलो वाढलेलं, रोज स्वच्छ अक्षरात, तारीख घालून लिहिलेलं. दुसऱ्यांचे आकडे घेण्यात हयात गेलेली बाई. स्वतःचाही आकडा खोटा लिहिला नव्हता. नुसता कुणाला दाखवला नव्हता.

“ताई, गोळी घेत होता ना?”

“ज्या दिवशी बाहेर जायचं त्या दिवशी नाही. ती घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं. लोकांच्या घरी जाऊन आधी संडास कुठे विचारू?”

“आणि बाहेर किती दिवस जायचं असतं?”

“रोज,” त्या म्हणाल्या.

“आणि हे?” मी पिंपाकडे बोट केलं. झाकण उघडं होतं, दगड बाजूला लोटलेला. तो दगड त्यांनी एकटीने कसा हलवला देव जाणे. तो हलवण्यातच बहुधा त्या बसल्या होत्या.

ताईंनी पिंपाकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे भरून आले. साठ वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही.

“मग काय करू? वाडीत कुणाच्या घरी मला धड खायला मिळतं?” त्या म्हणाल्या. “तुझी बायको मला अर्धा कप चहा देते. काळ्या कपात देते, म्हणजे म्हातारीला दिसणार नाही. मुळा असा की गुरंही तोंड फिरवतील. ओगुचीच्या घरी तेच. तिकडे तर चहा म्हणून गरम पाणी देतात. दहाच्या दहा घरं. आयुष्यभर तुमच्या मिठात नाक खुपसलं त्याचा सूड उगवताय म्हातारपणी. उगवा. पण दहा घरचं असलं गवत खाऊन आले की मला घरी येऊन काहीतरी चवीचं खायला लागतं. एवढं पण करू नको?”

मी तिथेच खाली बसलो. म्हणजे खरोखर बसलो. कारण आता माझ्या लक्षात आलं. इकुओने ‘फक्त तुम्हालाच’ असं एका घरी सांगितलं नव्हतं, दहा घरी सांगितलं होतं. दहा घरांनी शब्द दिला आणि दहा घरांनी तो पाळला. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच गुपचूप या बाईला वाचवतोय. आणि आमच्या त्या गुपचूप माणुसकीचा अपमान गिळून ती घरी येऊन खारातला पाला मुठीमुठीने खात होती. दहा घरांनी मिळून जेवढं मीठ तिच्या तोंडातून काढून घेतलं, त्याच्या दुप्पट तिने या पिंपातून भरून काढलं.

“ताई,” मी म्हणालो, “सगळ्यांना माहीत आहे.”

“काय?”

“तुमच्या हृदयाचं. सूड-बिड काही नाही. तुम्हाला मीठ बाधतं म्हणून सगळ्यांनी कमी केलं.”

“कधीपासून माहीत आहे?”

“मेपासून.”

त्यांनी डोळे मिटले. श्वास शिटीसारखा वाजत होता. “म्हणजे मी तुझ्या त्या सिमेंटच्या खांबाचं कौतुक करत होते तेव्हा...”

“हो.”

“आणि गवत बघत होते तेव्हा.”

“हो, ताई.”

“आणि तू शेजारी उभा राहून ‘काय रंग आहे’ म्हणत होतास,” त्या म्हणाल्या. “नालायक.”

मी रुग्णवाहिकेला फोन करायला उठलो तर त्यांनी माझी पँट धरली. म्हणाल्या, सायरन बंद करून येणार असतील तरच बोलव. मी खरंच तसं विचारलं. पलीकडचा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, आजोबा, रोज निम्मे लोक हेच विचारतात, सायरन लावणं हा कायदा आहे. ताई म्हणाल्या, मग मी इथेच बरी आहे. तिथे वाद घालण्यात जीव गेला असता, म्हणून मी माझा छोटा मालट्रक दाराशी लावला, यासुयोला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना पुढच्या सीटवर ताठ बसवलं. यासुयो मागे उघड्यावर ताडपत्रीखाली बसली. वाटेत प्रत्येक घराच्या खिडकीचा पडदा दोन बोटं सरकला आणि पुन्हा बंद झाला. रुग्णवाहिका परवडली असती.

इस्पितळ चाळीस मिनिटांवर. निम्म्या वाटेपर्यंत ताई नुसता श्वास सांभाळत होत्या. मग बोगद्यात शिरल्यावर म्हणाल्या, “मी तुमच्या घरात कशी यायचे रे?”

“न विचारता.”

“आणि काय करायचे?”

“तोंडावर बोलायच्या.”

“तुझा बाप किती जगला?”

“एक्याण्णव.”

“मग?” त्या म्हणाल्या. “दहा घरांत एक तोंड नव्हतं?”

बोगदा संपेपर्यंत मी उत्तर शोधत होतो. संपल्यावर समोर बर्फावर ऊन इतकं लख्ख होतं की डोळे बारीक करावे लागले, तेव्हा ते कारण पुढे करून मी गप्प राहिलो.

डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. नाकाला प्राणवायूची नळी लावली, शिरेतून औषध दिलं, आणि दुपारपर्यंत पिशवीत एवढं पाणी जमा झालं की परिचारिकाही वाकून बघायला लागली. संध्याकाळी इकुओ आला. कोटावर बर्फ तसाच. आईच्या पलंगाशी उभा राहिला, मग माझ्याकडे वळला.

“काका, दर रविवारी तुम्ही म्हणायचा ठणठणीत आहे.”

“हो.”

“ती पडत होती?”

ताई नळीच्या मागून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय हवं होतं ते मला स्वच्छ कळत होतं. घर, पडवी, चढ, तो शेजार. माझ्या एका ‘नाही’वर ते सगळं टांगलेलं होतं, आणि ‘नाही’ म्हणायची मला सात महिन्यांची उत्तम सवय होती. पण ट्रकमधलं ते एक तोंड माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

“पडल्या,” मी म्हणालो. “माझ्यासमोर एकदा. आज पहाटे दुसऱ्यांदा. मी न पाहिलेल्या वेगळ्या.”

इकुओ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो कमरेत वाकला आणि म्हणाला, “आजवर आईकडे लक्ष दिलंत, फार उपकार झाले.” मी पण वाकलो. यासुयोही वाकली. आम्ही तिघं बराच वेळ तसेच वाकून उभे होतो, कारण आधी सरळ कुणी व्हायचं ते ठरत नव्हतं. पलंगावरून ताई म्हणाल्या, “बोललास एकदाचा.” आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मी आधी बोललो असतो तर त्यांना वाडीतच ठेवायला जमलं असतं. आता बोललो त्याने त्यांना तिथून काढलं. हे मला त्याच क्षणी समजलं, आणि मला त्याची फार लाज वाटली. अजूनही वाटते.

जानेवारीत ताई इस्पितळातून परस्पर नागोयाला गेल्या. वाडीने निरोपाची भेट म्हणून वर्गणी काढून उबदार चादर पाठवली. पिंप इकुओने रिकामं करायला सांगितलं. मी आणि ओगुचीने तो पाला खताच्या खड्ड्यात टाकला; टाकताना दोघांनीही एकमेकांची नजर चुकवून एक-एक पान तोंडात घातलं. पत्रक वाटायचं काम उरलेल्या महिन्यांसाठी आमच्याकडे आलं. घरोघर मला चहा मिळतो, काठोकाठ.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांचा फोन आला. आवाज पूर्वीपेक्षा खूप स्वच्छ, मध्ये कुठे धाप नाही.

“वजन?” मी विचारलं.

“त्रेचाळीस. रोज तेवढंच. सूनबाई लिहून घेते.”

“पाय?”

“माझेच बूट येतात आता. चढच नाही इथे. लिफ्ट आहे.”

“चक्कर?”

“महिना झाला, एकदाही नाही. जेवण मोजून येतं, डब्यात. चहा मोजून. दुपारी कुणी येत नाही, मी कुठे जात नाही. शेजारची बाई लिफ्टमध्ये भेटते, ती जमिनीकडे बघून नमस्कार करते. तिच्या घरी काय शिजतं, तिला मुलं किती, काही माहीत नाही मला.” त्या थांबल्या. मागे कुठलातरी पंखा घुमत होता. “तब्येत अगदी उत्तम आहे, तेरुओ. इतकी उत्तम आहे की तिचं काय करायचं तेच कळत नाही.”

यासुयो स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला हातवारे करून सांगत होती, म्हणा ना, म्हणा. दोनच शब्द होते, परत या. घराची किल्ली आमच्याकडेच आहे, आम्ही आहोत, आता तोंडावर बोलू. फोनच्या त्या टोकाला ताईही गप्प राहून वाट बघत होत्या, ते मला ऐकू येत होतं.

मी म्हणालो, “बरंय ताई. काळजी घ्या.”